संक्रांतीच्या वर्गात आधी पाक शिकवा

तुमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीने विचारलं आहे ते थोडक्यात असं: संक्रांतीच्या आधीच्या रविवारी क्लबहाउसमध्ये मोठ्या माणसांसाठी दोन तासांचा वर्ग, पंचवीस जण, आणि पदार्थ पाच: तिळाचे लाडू, तिळाची वडी, चिक्की, गुळाची पोळी आणि काटेरी हलवा. गेल्या वर्षी हाच बेत केला तेव्हा लाडू फुटता फुटेनात आणि हलव्याला काटाच आला नाही. यंदा दोन घरी बोरन्हाण आहे, एका नव्या सुनेची पहिली संक्रांत आहे, म्हणून हलव्याचे दागिनेही शिकवायचे आहेत. तर काय बदलावं?

मी हलवा शिकले वाईला, आत्येसासूबाईंच्या हाताखाली, आणि गेली अठरा वर्षं डोंबिवलीत वर्ग घेते आहे. वाईची कोरडी थंडी आणि डोंबिवलीची दमट हवा या दोन्हींत हात पोळले आहेत. त्यामुळे स्पष्टच सांगते, पाच पदार्थ ठेवू नका. दोन तासांत पाच पदार्थ म्हटले की एक जण कढईशी उभा राहतो आणि चोवीस जण मोबाईलवर व्हिडिओ काढतात. घरी गेल्यावर त्या व्हिडिओत पाक कसा दिसत होता ते कळतं, पण तो बोटाला कसा लागत होता ते कळत नाही. आणि संक्रांतीच्या सगळ्या गोडाचं मर्म त्या बोटाला लागण्यात आहे. लाडू दगड होणं आणि हलव्याला काटा न येणं, तुमच्या दोन्ही तक्रारी पाकाच्याच आहेत.

म्हणून वर्ग पाकाचा ठेवा. पदार्थ त्याच्या मागोमाग येतात.

पहिला अर्धा तास कुणालाही काही बनवू देऊ नका. एका जाड बुडाच्या कढईत अर्धा किलो चिक्कीचा गूळ आणि चमचाभर तूप घालून मंद आचेवर ठेवायचं. शेजारी स्टीलच्या चार-पाच वाट्यांत गार पाणी. गूळ विरघळला की पहिला थेंब पाण्यात: तो पसरतो आणि विरतो. थोड्या वेळाने दुसरा: तळाशी जाऊन मऊ गोळी होते, उचलली की बोटांत चपटी होते. मग तिसरा: गोळी आकार धरते, पण दाबली की दबते. शेवटचा: पाण्यात पडताच कडक होतो, ताटलीवर टाकला की टण्ण आवाज येतो, दातांनी तोडला की कट्‌कन तुटतो आणि दाताला चिकटत नाही. या चारही वाट्या टेबलावर ओळीने ठेवा आणि प्रत्येकाला चारही गोळ्या हातात घेऊन दाबायला लावा. मी हे सुरू केलं त्या वर्षापासून ‘लाडू बिघडले’ असा फोन क्वचितच येतो.

साखरेच्या पाकाला थर्मामीटर उपयोगी पडतो. एकतारी पाक १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास, मऊ गोळी ११२ ते ११६ आणि टण्ण वाजणारा कडक पाक १४६ च्या पुढे. आणलात तर आधी उकळत्या पाण्यात धरून तपासा. समुद्रसपाटीजवळ तो १०० दाखवेल, पुण्यासारख्या उंचीवर ९८ च्या जवळ. जेवढा फरक, तेवढा पाकाच्या आकड्यातून वजा करायचा. गुळाला मात्र मी थर्मामीटर लावत नाही. प्रत्येक ढेपेत पाणी, क्षार आणि मळीचं प्रमाण निराळं, त्यामुळे आकडा फसवतो. गुळाला पाण्याची वाटीच खरी.

आता गुळाबद्दल, कारण गेल्या वर्षी तुमची पहिली चूक बहुधा दुकानातच झाली. वाण्याकडे दोन गूळ मिळतात, साधा आणि चिक्कीचा. मऊ वडीला आणि गुळाच्या पोळीला साधा, लाडवाला आणि चिक्कीला चिक्कीचा. साध्या गुळात, विशेषतः काळपट आणि जुन्या ढेपेत, फुटलेली साखर, म्हणजे साखर तुटून झालेलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, जास्त असते. ती हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून त्याचा पाक कितीही आटवला तरी दुसऱ्या दिवशी ओलसर, चिकट होतो. चिक्कीचा गूळ कडक धरतो आणि खुसखुशीत राहतो. तोच गूळ वडीत घातला तर वडी कापताना सुरी मोडेल. साधा गूळ घेताना ढेपेचा तुकडा नखाने खरवडून पाहा आणि चाखा. खारट लागला तर सोडून द्या, त्याची वडी कधीच चांगली होत नाही.

वडीचं प्रमाण एका घाण्याला: तीळ पाव किलो, दाण्याचं कूट १२५ ग्रॅम, साधा गूळ ३०० ग्रॅम, तूप दोन चमचे, वेलची-जायफळ. तीळ मंद आचेवर भाजायचे. तडतडायला लागले आणि एक-दोन दाणे चिमटीत चुरून खमंग वास आला की उतरवायचे. लाल होईपर्यंत थांबलात तर कडवट होतात, कारण कढईच्या उष्णतेने ते खाली उतरवल्यावरही भाजत राहतात. म्हणून लगेच परातीत ओता. अर्धे तीळ अख्खे, अर्धे मिक्सरवर थांबत थांबत भरड. सलग फिरवलं तर तेल सुटतं. तिळात निम्मं तेलच असतं. गूळ विरघळून एक उकळी आली, कढईभर बुडबुडे आले, की गॅस बंद. वाटीतली मऊ गोळी म्हणजे वडी. कूट-तीळ घालून, तूप लावलेल्या ताटात थापून, वरून सुकं खोबरं भुरभुरवून गरम असतानाच रेघा पाडायच्या. वडी पडलीच नाही, मऊ राहिली, तर सगळं परत कढईत घालून दोन मिनिटं गरम करा, थोडं कूट वाढवा. वाया काहीच जात नाही, हे शिकणाऱ्यांना आवर्जून सांगा, कारण पहिल्यांदा बिघडलं की माणसं पुन्हा हात लावत नाहीत.

लाडवाला तीळ पाव किलो, दाण्याची भरड १०० ग्रॅम, चिक्कीचा गूळ ३०० ग्रॅम, तूप दोन चमचे. यात लहान असे तीसेक लाडू होतात. पाक तिसऱ्या आणि चौथ्या वाटीच्या मधला घ्यायचा: गोळी कडक हवी, पण काचेसारखी फुटायला नको. तुमचे लाडू दगड का झाले याचा मला अंदाज आहे. एका मोठ्या कढईत किलो-दीड किलोचा घाणा केला असणार, सगळ्यांना दाखवेपर्यंत पाक पुढे गेला असणार, आणि वळायला सुरुवात होईपर्यंत मिश्रण गार. या मिश्रणाला जेमतेम पाच मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात एक माणूस आठ-दहा लाडू वळतो. चार माणसांना पाव किलो तिळाचा घाणा म्हणूनच दिला आहे. हात पाण्याने जरासे ओले करून भराभर नुसतं गोल धरायचं, गुळगुळीत करणं नंतर. मिश्रण घट्ट झालंच तर कढई उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर धरा, पुन्हा सैल होतं. चिक्की वेगळी शिकवायची गरज नाही. पाक चौथ्या वाटीपर्यंत नेला आणि तूप लावलेल्या ओट्यावर लाटला की चिक्की झाली. एका गटाला तेवढं करून दाखवा.

गुळाची पोळी मात्र यंदा काढून टाका. ती पोळीची कला आहे. कणकेचा आणि गुळाचा घट्टपणा सारखा हवा, सारण कडेपर्यंत जायला हवं आणि लाटणं हलकं. त्याला एक अख्खी दुपार आणि प्रत्येकाला पोळपाट हवा.

आता हलवा. इथे जास्त वेळ घेणार आहे, कारण चुका इथेच जास्त होतात आणि शिकवणारेही कमी उरले आहेत.

हलवा दोन तासांत होत नाही. दोन दिवसांतही मनासारखा होत नाही. आत्येसासूबाई डिसेंबरच्या मध्याला सुरुवात करत, पहाटे चार ते सात, रोज. शेगडीत कोळसे फुलवून त्यावर राखेचा थर, वर पितळी परात, आणि त्यांची बोटं. जपानमध्ये कोनपेइतो नावाची अशीच काटेरी साखरगोळी करतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती तिकडे पोचली, नावही त्यांच्या ‘कोन्फेइतो’वरून आलं. आजही तिरक्या, फिरत्या कढईत थरावर थर चढवत तिला दीड-दोन आठवडे देतात. यंत्र असूनही वेळ कमी करता आलेला नाही, तर क्लबहाउसच्या दोन तासांत आपण काय करणार?

म्हणून हलव्याचा वर्ग संक्रांतीच्या तीन आठवडे आधी घ्या, डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात. वडी-लाडवाचा वर्ग १० जानेवारीच्या सुमारास. आणि हलव्याच्या वर्गाला जाण्यापूर्वी शिकवणाऱ्या व्यक्तीने घरी तीन टप्प्यांचा हलवा करून आणायचा: एक दिवसाचा, तीन दिवसांचा आणि पूर्ण झालेला. म्हणजे वर्गातल्या माणसांना दोन तासांत तिन्ही अवस्थांवर हात फिरवता येतो. टीव्हीवरच्या पाककृतीत तयार पदार्थ ओव्हनमधून काढतात, तसं हे नाही. तीन दिवसांच्या हलव्यावर पाक घातला की काटा डोळ्यांदेखत वाढताना दिसतो, तो त्यांना दिसायला हवा.

तीळ किती घ्यायचे, इथेच बहुतेकांचं चुकतं. चहाचा छोटा चमचाभर तीळ म्हणजे साधारण ३ ग्रॅम, आणि त्यात सुमारे हजार दाणे असतात. मी परातीत दोनच चमचे घालते. लोकांना वाटतं, एवढेसेच? पण ते दोन हजार दाणे वाढून पाव किलोच्या वर हलवा होतो. आता कुणी वाटीभर तीळ घातले असतील, १०० ग्रॅम धरले, तर ते तीस हजारांहून जास्त दाणे होतात. त्यांना पुरेसा थर चढवायला चार-पाच किलो साखर आणि महिनाभर बसणं लागेल. गेल्या वर्षीचा तुमचा हलवा बहुधा इथेच अडला. पाक सगळ्यांत वाटला गेला आणि कुणालाच पुरला नाही. सुरुवातीला शिकणाऱ्यांना तिळाऐवजी मगज किंवा साबुदाणा द्या. दाणा मोठा, बोटांना सापडतो, लवकर फुगलेला दिसतो. खसखशीचा हलवा सगळ्यात नाजूक, तो तिसऱ्या वर्षी.

पाक: एक किलो साखर, अर्धा लिटर पाणी. उकळी आली की दोन चमचे दूध घालायचं. मळी वर येते ती काढायची, आणि पाक पंचातून गाळायचा. पुन्हा आचेवर ठेवून एकतारीच्या किंचित अलीकडे उतरवायचा. तर्जनी आणि अंगठ्यात धरून बोटं विलग केली की तार येते आणि लगेच तुटते, तेवढा. यात लिंबू पिळू नका. बाकीच्या पाकात लिंबू घालतात ते साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून. इथे आपल्याला साखर दाणेदारच व्हायला हवी आहे, काटा म्हणजे तेच. काही जण सवयीने चार थेंब पिळतात आणि मग दिवसभर चिकट गोळे चोळत बसतात.

परात किती गरम हवी? तळहाताची मागची बाजू टेकवून दहापर्यंत मोजता यावं, इतकी. गॅसवर करत असाल तर सर्वांत लहान बर्नर, मंद आच, त्यावर लोखंडी तवा आणि तव्यावर परात. थेट आचेवर ठेवलेल्या पातळ स्टीलच्या परातीत मधोमध गरम ठिपका होतो आणि तिथे साखर पिवळी पडते.

दाण्यांवर एक छोटा चमचा पाक, गोल फिरवत सोडायचा. मग बोटांच्या टोकांनी हलकेच, गोल, दाबता न दाबता फिरवत राहायचं. आधी दाणे एकमेकांना चिकटतात, बोटांनाही चिकटतात. मग एक क्षण येतो की हाताखालचा आवाज बदलतो. ओलसर चुपचुप असते ती जाऊन सळसळ सुरू होते, कोरड्या वाळूसारखी. तो आवाज आला की मगच पुढचा चमचा. मी वर्गात सगळ्यांना गप्प करते आणि हा आवाज ऐकायला लावते. घड्याळ लावून पाक घालणाऱ्याचा हलवा बिघडतो, कारण दमट दिवशी तोच चमचा वाळायला दुप्पट वेळ घेतो.

पहिले दहा-पंधरा चमचे काहीच दिसत नाही, दाणा नुसता पांढरा, गोल, मख्ख. धीर इथे सुटतो. मग कधीतरी दाणा खरखरीत लागतो, उजेडात धरला तर अंगावर बारीक टोकं. मी असं समजावते: दाण्यावर कुठे कणभर उंचवटा आला की पुढच्या थेंबातला पाक त्या टोकाला आधी लागतो, तिथे आधी वाळतो, आणि उंचवटा आणखी उंच होतो. म्हणून पाक थोडा-थोडाच हवा. एकदम दोन चमचे घातले की टोकं पाकात बुडतात आणि विरघळतात. पाक फार पातळ असला तरी तेच होतं. घट्ट असला की दाण्यांची जोडपी होतात, सुटत नाहीत. परात तापली की पाक दाण्यावर बसायच्या आधीच वाळतो आणि परातीत पांढरा भुगा साचतो. हा भुगा मध्ये मध्ये चाळून काढायलाच हवा. राहिला तर तो काट्यांच्या मधल्या फटी भरतो, आणि हलवा गुळगुळीत होतो. काटा न येण्याचं हे कारण कुणी फारसं सांगत नाही. चाळलेला भुगा पाण्यासह पाकात परत घाला.

तास-दीड तास झाला की थांबायचं. दाणे पातळ सुती कापडावर पसरून, झाकून, रात्रभर ठेवायचे. आतला ओलावा निघून गेला की दुसऱ्या दिवशीचा थर चांगला धरतो. पाक रात्रीत दाणेदार झाला तर दोन चमचे पाणी घालून उकळून घ्यायचा.

हवेचं म्हणाल तर, थंडी आणि कोरडेपणा दोन्ही हवेत, पण त्यातही कोरडेपणा महत्त्वाचा. डोंबिवलीत उत्तरेचा वारा सुटला की पहाटे बसते, ढगाळ दिवशी परात बाहेर काढत नाही. एका शिकलेल्या मुलीने कॅनडातून फोटो पाठवला होता. बाहेर बर्फ, घरात हीटर, आणि तिच्या हलव्याचा काटा माझ्यापेक्षा लांब. हीटरने घरातली हवा खणखणीत कोरडी होते, त्याचा तिला फायदा झाला. तुमच्या क्लबहाउसला एसी असेल तर तो चालू ठेवा, हवा कोरडी करतो. पंख्याखाली बसू नका, गॅसची मंद ज्योत विझते आणि गॅस तसाच सुटत राहतो.

इथून सुरक्षिततेवर येते, आणि हे समितीने वाचायलाच हवं. कोळशाची शेगडी बंद हॉलमध्ये अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेगडी हवी असेल तर गच्चीवर. इंडक्शन आणायचा विचार असेल तर दोन गोष्टी. एक, २,००० वॉटचा एक इंडक्शन जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. एकाच लाइनवर दोन लावले की फ्यूज उडतो, आणि तो नेमका पाक होत आला असताना उडतो. आधी एक दिवस वायरमनला बोलावून कुठली सॉकेट वेगळ्या लाइनवर आहेत ते लिहून घ्या. दोन, पितळी परात इंडक्शनवर तापतच नाही, आणि घरगुती इंडक्शन मंद आचेवर चालू-बंद, चालू-बंद होत राहतो. लाडू-वडीला इंडक्शन चालेल, हलव्याला गॅसच.

गुळाचा कडक पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो आणि तो अंगाला चिकटून राहतो. माझ्या तिसऱ्या वर्षीच्या वर्गात एका बाईंच्या कढईतून लाडवाचं मिश्रण ओट्यावरून घसरलं, त्यांनी सवयीने हात पुढे केला. बोटात अंगठी होती, तिच्याखाली पाक अडकला. कुणीतरी टूथपेस्ट आणायला धावलं, कुणी तूप. मी त्यांचा हात नळाखाली धरून वीस मिनिटं उभी होते, तरी अंगठीखालची जखम भरायला महिना गेला. तेव्हापासून दारातच अंगठ्या, बांगड्या, घड्याळं उतरवून घेते. ओढणी-पदर खोचलेला, सिंथेटिक साडी नको. प्रत्येक टेबलाशी साध्या पाण्याची बादली. भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ नको, तूप-हळद-पेस्ट नको, चिकटलेला पाक ओढून काढायचा नाही. फोड मोठा असेल तर सरळ डॉक्टर. लहान मुलं हॉलबाहेर. ‘आईचा हात धरून बसेल’ असं म्हणतात, पण आईचे दोन्ही हात कढईत असतात.

नाव नोंदवताना तिळाची आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी विचारा. लोकांना हा प्रश्न उगाच वाटतो, पण ज्याला आहे त्याच्यासाठी त्या हॉलची हवादेखील त्रासाची. ज्यांना मधुमेह आहे त्यांना खुशाल येऊ द्या, चव बघायला इतर आहेत.

पंचवीसचे दोन गट करा, बारा-तेराचे. एका गटात चार-चारची तीन टेबलं, प्रत्येक टेबलाला एक आच, एक कढई, एक परात. एका गटाच्या दोन्ही वर्गांना मिळून लागेल: तीळ पावणेदोन किलो (त्यातले मूठभर पॉलिश केलेले पांढरे, हलव्यासाठी, वडी-लाडवाला बिनपॉलिशचेच, चव त्यांचीच), भाजून सोललेले दाणे पाऊण किलो, चिक्कीचा गूळ दीड किलो, साधा गूळ एक किलो, साखर दोन किलो, तूप पाव किलो, मगज १०० ग्रॅम, वेलची-जायफळ, सुकं खोबरं. दाणे आदल्या दिवशी भाजून ठेवा, वर्गात सालं उडवण्यात अर्धा तास जातो. तीळ मात्र वर्गातच भाजायचे, तो वास शिकण्याचा भाग आहे. पदार्थ नंतर विकायचा विचार असेल, तर समितीने आधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करावी. घरी वाटायला काही लागत नाही.

दागिन्यांसाठी हलवा विकत घ्या, असं मी निःसंकोच सांगते. एका सुनेच्या पूर्ण साजाला, म्हणजे मंगळसूत्र, नथ, बिंदी, बाजूबंद, बांगड्या, तोडे, शिवाय जावयाला हार आणि नारळ, एवढ्याला जेवढा एकसारखा हलवा लागतो तेवढा नवशिक्यांकडून तीन आठवड्यांत होत नाही. घरचा हलवा तिळगुळात घालायला, हळदीकुंकवाला, आणि दागिन्यात निदान एक पदक तरी घरच्या दाण्यांचं. काळा कागद किंवा कापड आकारात कापून दाणे चिकटवायचे. बाळाच्या दागिन्यांना बाजारचा गोंद वापरू नका. बोरन्हाणात मुलं मुकुट डोक्यावरून काढून पहिल्यांदा तोंडातच घालतात. खाण्याचा डिंक पाण्यात भिजवून घट्ट केला की तो पुरतो. गळ्यातल्या माळेचा दोरा सैल गाठीचा, ओढला की सुटेल असा. आणि फार सुरुवातीला कामाला लागू नका. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, तुमच्याकडची तारीख बघून चार दिवस आधी दागिने करा, नाहीतर हवेने हलवा पाणी सोडतो आणि काळ्या कागदाचा रंग उतरतो. तोवर तो घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी कापडाच्या पुरचुंडीत कोरडे तांदूळ ठेवून.

पुरुष येतील का, असंही विचारलं आहे. माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन येतात, बहुतेक निवृत्त झालेले. एक जण घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना बोटांचा दाब किती द्यायचा हे सांगावंच लागलं नाही, आणि ते पाक घालायची घाईही करत नसत. त्यांनी नातीच्या बोरन्हाणाचा सगळा हलवा एकट्याने केला. पत्रकावर ‘महिलांसाठी’ लिहू नका, एवढंच.

हलव्याच्या वर्गाच्या शेवटी प्रत्येकाला एक छोटी डबी द्या. तीत पहिला थर चढलेले दोन चमचे दाणे, आणि सोबत बाटलीभर पाक. घरी रोज अर्धा तास बसायचं. मग १० जानेवारीच्या वर्गाला येताना सगळ्यांनी आपापली डबी आणायची. मी टेबलावर काळं कापड पसरते आणि प्रत्येक जण आपले दहा दाणे त्यावर ठेवतो. कुणाचे गोल राहिलेले असतात, कुणाचे पिवळट, कुणाचे जुळे, आणि दोघा-तिघांच्या दाण्यांना बारीक, पांढरा, टोकदार काटा आलेला असतो. मग बाकीचे त्यांना विचारू लागतात, रोज किती वाजता बसत होतात, खिडकी उघडी होती का, भुगा चाळत होतात का.